वजनाचा विषय मुलीला न दुखावता काढणारं क्लिनिक

मुलाच्या वाढत्या वजनासाठी कुठल्या डॉक्टरकडे जावं, या विवंचनेत असलेल्या आई-बाबांसाठी हे लिहिते आहे. माझी लेक नऊ वर्षांची. या बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे आम्ही गेल्या वर्षापासून जातो. पाचपैकी चार तारे.

सगळ्यात आधी वजनकाट्याबद्दल, कारण माझ्यासाठी तेच मोठं आहे. इथे काटा आडोशाला आहे. नर्स आकडा फाइलमध्ये लिहितात, तोंडानं उच्चारत नाहीत. आधीच्या दवाखान्यात तो सगळ्यांसमोर पुकारला जायचा, वर "खाणं कमी कर गं जरा" हा शेरा. त्यानंतर लेक ताप आला तरी डॉक्टरकडे यायला तयार होईना. ज्या मुलाला डॉक्टरांसमोर उभं राहायचीच लाज वाटते, त्याला मदत होणार तरी कशी?

मॅडमनी मला नाही, तिला विचारलं, "तुझ्या वाढीबद्दल आपण थोडं बोलूया? चालेल?" ती हो म्हणाल्यावरच तक्ता उघडला. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, याचा आकडा. त्याची मोठ्यांसाठीची मापं मुलांना लावायची नसतात. मुलाचा बीएमआय त्याच वयाच्या मुलांच्या आणि मुलीचा त्याच वयाच्या मुलींच्या तक्त्यावर बघतात. त्यांच्या तक्त्यावर ८५ ते ९५ पर्सेंटाइलच्या मध्ये (म्हणजे शंभरातल्या ८५ ते ९५ जणांपेक्षा जास्त) असेल तर वजन जास्त, ९५ किंवा त्याच्या वर असेल तर लठ्ठपणा. पण त्यांनी बोट ठेवलं ते आकड्यावर नाही, मागच्या काही वर्षांत चढत गेलेल्या रेषेवर. आणि लगेच सांगितलं की वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवावं लागत नाही. ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी बीएमआय खाली येतो. हे ऐकून मला केवढा धीर आला!

मग रक्तदाब मोजला, तोही दंडाला नीट बसणारा पट्टा शोधून. मानेवरची त्वचा काळवंडली आहे का ते पाहिलं, झोपेत घोरते का विचारलं.

खरा फरक त्यापुढच्या बोलण्यात होता. "घरात काय बदलता येईल असं तुम्हाला वाटतं?" एवढं विचारून मॅडम गप्प बसल्या. लेकच म्हणाली, शाळेतून आल्यावरचं गोड पेय. "हे जमेल असं शून्य ते दहामध्ये किती वाटतं?" सात. "सात का? चार का नाही?" आणि मग ती स्वतःच्या तोंडानं कारणं सांगू लागली: ते घरी आणलंच नाही तर मागणार नाही, पाण्याची बाटली दप्तरात असतेच. चारच्या जागी दहा म्हटलं असतं तर तिनं अडचणींची यादी वाचली असती. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती दारूच्या व्यसनाच्या उपचारांसाठी मांडली. मुलांच्या डॉक्टरांनी ती उचलली, हे फार चांगलं झालं.

दुसरी गोष्ट, नियम सगळ्या घराला. धाकटा भाऊ बारीक आहे म्हणून त्याला वेगळी सूट नाही. मॅडमनी आजींनाही बोलावून घेतलं. दोष एका शब्दानं दिला नाही. फक्त विचारलं, "आजी, खाऊ सोडून तिला खूश करायला तुमच्याकडे आणखी काय आहे?" सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पत्ते काढले. आता रोज डाव पडतो आणि दोघींना तो चुकवायचा नसतो.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्रीची ९ ते १२ तास झोप आणि दिवसाला निदान ६० मिनिटं धावपळ हवी, हे मॅडमना ठाऊक नसणार का? तरी पहिल्या वेळी सगळं आमच्या अंगावर टाकलं नाही. पेय सुटलं, तेव्हा झोपेचा विषय आला. रेषेची चढण आता थांबली आहे.

एक तारा कापला तो वेळेसाठी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा कुटुंबांना ३ ते १२ महिन्यांत निदान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळावं असं म्हटलंय. इथे एका भेटीला थोडी मिनिटं मिळतात, पुढची तारीख लांबची, आणि आहारतज्ज्ञांची वेळ मिळता मिळत नाही. मॅडमचं कौशल्य कितीही असलं तरी एवढ्या वेळात ते पुरत नाही. तुमच्या मुलाला जास्त गरज असेल तर आहारतज्ज्ञांकडे पाठवायची चिठ्ठी पहिल्याच भेटीत मागून घ्या. शिवाय बाहेरच्या भिंतीवर जाड मुलगा विरुद्ध बारीक मुलगा असं एक पोस्टर आहे. ते काढा असं मी सांगितलंय. अजून तिथेच आहे.

अपॉइंटमेंट घेताना "वाढीबद्दल बोलायचंय" एवढंच सांगा. रिसेप्शनवर त्यांना कळतं. मूल शेजारी उभं असताना वजनाचं नाव काढावं लागत नाही.