थेंबाला तीनशे रुपये: गुडघ्यातला ‘पू’ काढणाऱ्यांपासून सावध राहा

सत्तर हजार चारशे पन्नास रुपये. एवढी रक्कम आमच्या घरातून चोवीस तासांच्या आत गेली आणि ती नेणारा माणूस निघताना सासूबाईंच्या पाया पडून गेला. हे लिहायला मला लाज वाटते. घरातल्यांनी ‘कुठे बोलू नकोस’ म्हणून बजावलंय. पण गप्प बसायचं म्हणजे पुढच्या घरी त्यांची सोय करून द्यायची, म्हणून लिहिते आहे.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. ओटीपी कुणाला सांगू नका, लिंक उघडू नका, हे रोज येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी काउंटरवरून सांगते. फोनवर मला कुणी फसवू शकलं नसतं. हे लोक फोनवरून आलेच नाहीत. ते आले देवीच्या पायऱ्यांवर, २०२४च्या नवरात्रात. गुडघे दुखणाऱ्या बायका एका जागी हव्या असतील तर नवरात्रातल्या देवळाइतकी चांगली जागा नाही, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सासूबाई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. एक साधारण चाळिशीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात हेल्मेट, नारळाची पिशवी, स्वतःहून पुढे आला आणि त्यांना हात दिला. “आजी, माझ्या आईचे गुडघे असेच होते. दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. आता शेतावर जाते.” बोलणं अगदी आमच्याकडचं. जवळच्या वाडीचं नाव सांगितलं. एका वैद्याचा नंबर दिला, पण आम्ही मागितल्यावर. स्वतःहून दिला नाही. पैशाचं तर नावही काढलं नाही. असा माणूस दलाल असेल असं कुणाच्या मनात येईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘सात पिढ्यांचे खानदानी वैद्य’ घरी आले, सोबत एक पोरगेला मदतनीस. मिस्टर पुण्याला नोकरीला, घरात मी आणि सासूबाई. फी विचारली तर म्हणाले, “तीनशे रुपये. फरक पडला तरच द्या.” मी समजले, एका गुडघ्याचे तीनशे. कुणीही तेच समजलं असतं. तीनशे कशाचे, हे त्यांनी मुद्दाम मोघम ठेवलं होतं. म्हणून आधी विचारा: तीनशे कशाचे? आणि ते कागदावर लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर दारातूनच वाटेला लावा.

पुढचं तुम्ही ऐकलं असेलच, हा धंदा नवा नाही. गुडघ्यावर ब्लेडने बारीक चिरा दिल्या, तांब्याची नळी टेकवली, तोंडाने ओढलं आणि नळी स्टीलच्या ताटलीत झटकली. पिवळा, दाट थेंब पडला. “बघा ताई, हा पू. हाच वात धरून बसला होता.” मदतनीस वहीत रेघा मारत मोठ्याने मोजत होता. वीस झाल्यावर मी विचारलं, हे मोजताय कशाला? तेव्हा कळलं की तीनशे रुपये थेंबाचे. मी म्हटलं, थांबा. तर वैद्यांचा आवाजच बदलला. “अर्धा पू आत राहिला तर वात डोक्यात चढेल. पाय गेला तर आमच्याकडे येऊ नका.” समोर सासूबाई आडव्या पडलेल्या, दोन्ही गुडघ्यांतून रक्त येतंय, भीतीने त्यांनी माझा हात गच्च धरलेला. अशा वेळी एकट्या बाईने काय करायचं? बाहेरून शहाणपण शिकवणाऱ्यांनी त्या खोलीत उभं राहून बघावं.

उजव्या गुडघ्याचे ५८, डाव्याचे ६४, एकूण १२२. त्यांचे झाले ३६,६००. सोळाशेची ‘सूट’ देऊन ३५,०००. त्यातले १५,००० रोख दिले. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कपाटात ठेवलेले होते. २०,००० यूपीआयने गेले. स्क्रीनवर नाव भलतंच आलं. “पुतण्याचं खातं आहे.” पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर बटण दाबू नका, मग समोर प्रत्यक्ष धन्वंतरी का असेना.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजूनही माझी झोप उडते.

त्या संध्याकाळी मी रक्तापुवाचा टॉवेल धुवायला घेतला. पिवळे डाग होते. त्यांवर साबण फिरवला आणि डाग लालभडक झाले. मला वाटलं, रक्त आहे. मी घासत राहिले. अहो, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे मराठी घरातल्या कुठल्या बाईला सांगावं लागतं का? हळदीकुंकवाच्या साड्या, हळदीच्या दिवशीचे कपडे, सगळं याच हातांनी धुतलंय. हळदीला चुना किंवा खार मिळाला की कुंकू होतं, आमची आजी घरी करायची. पू साबणाने लाल होत नाही. ती हळद होती, नळीत आधीच भरून आणलेली, थुंकीने आणि रक्ताने ओली झालेली. टॉवेल माझ्या हातात होता आणि तोवर निम्मेच पैसे गेले होते. उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्या मोरीत मी दोन मिनिटं थांबून विचार केला असता तर ३५,४५० रुपये वाचले असते. पण दिवसभर जे डोळ्यांनी बघितलं होतं, त्यानंतर माणसाचं डोकं चालत नाही. चालू नये म्हणूनच ते रक्त काढतात.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावातल्या काष्ठौषधींच्या एका दुकानात जायला सांगितलं होतं. “तिथेच अस्सल मिळतं, माझं नाव सांगू नका, नाहीतर म्हणाल माझं कमिशन आहे.” दुकान अगदी जुन्या धाटणीचं. लाकडी खण, बरण्या, पितळी तराजू, भिंतीवर धन्वंतरीची तसबीर. सुवर्णभस्म सात ग्रॅम, ४,८०० रुपये ग्रॅमने ३३,६००. तेलाच्या दोन बाटल्या १,८५०. क्यूआर कोड ‘आज बंद’, सगळे रोख. भस्म आमच्यासमोर आणखी कसल्याशा चूर्णात खलून पुड्या बांधून दिल्या. बिल नाही.

आमच्या ओळखीच्या सोनारांनी हे नंतर ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्या महिन्यात सोन्याचा भावच ग्रॅमला सात हजारांच्या वर होता. सोन्यापेक्षा सोन्याचं भस्म स्वस्त कसं असेल? शिवाय खरं सुवर्णभस्म मिलिग्रॅममध्ये देतात, सात-सात ग्रॅम कुठलाही शिकलेला वैद्य लिहून देणार नाही. हे मला एका बीएएमएस डॉक्टरांनी सांगितलं.

बिल का मागितलं नाही, असं सगळेच विचारतात. सांगते. आमच्या बाजारपेठेत एक वृद्ध वैद्य होते. आयुष्यभर त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधून दिल्या. त्यांना कधी कुणी लेबल विचारलं नाही, बिल मागितलं नाही. पैसे नसतील तर ‘पुढच्या बाजाराला द्या’ म्हणायचे. कल्हईवाला, सोनार, सुईण, हाड बसवणारा, सगळ्यांचा व्यवहार तोंडीच होता आणि तो चालला, कारण ती माणसं त्याच गावात राहायची. चुकलं तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला लागायचं. या चोरांनी आमची तीच सवय हेरली. वेश तोच, तराजू तोच, पुडी तीच, फक्त माणूस उद्या गावात नसतो. मी बिल मागितलं नाही याचं कारण आमच्या गावात वैद्याकडे बिल मागणं हा अपमान समजला जायचा. आता मागा. अपमान झाला तर होऊ दे.

पुड्या सुरू केल्या आणि सासूबाईंचे गुडघे खरंच दुखायचे थांबले! त्या अंगणात फिरायला लागल्या. त्या भरात मी शेजारच्या काकूंना तो नंबर दिला. त्यांच्या एका गुडघ्याचे ६१ थेंब, १८,३०० रुपये. काकू मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेने आमच्याकडे येणं सोडलं. माझ्या स्वतःच्या पैशांपेक्षा ते १८,३०० मला जास्त टोचतात.

काही आठवड्यांनी सासूबाईंना सारखी तहान लागायला लागली, चेहरा सुजून गोल झाला. साखर तपासली तर ३८६. त्यांना मधुमेह आधी होता, पण गोळ्यांवर आटोक्यात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बाहेरची पुडी चालू आहे का?” अशा पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं, हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत. त्यानेच दुखणं झटक्यात थांबतं, त्यानेच साखर भडकते. आणि हे नीट वाचा: बरेच दिवस घेतलेली अशी पुडी घाबरून एकदम बंद करू नका, तेही जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडे पुडी घेऊन जा, खरं सांगा, ते हळूहळू उतरवतात. पू म्हणाल तर हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं: म्हातारपणी गुडघ्याची कूर्चा झिजते, त्यात पू नसतो. खरंच सांध्यात पू झाला तर माणसाला ताप भरतो, पाय टेकवत नाही, आणि त्याला तातडीने हॉस्पिटलात न्यावं लागतं. त्या नळीतून आणि ब्लेडमधून कावीळ किंवा एचआयव्ही येऊ शकतो, म्हणून सासूबाईंच्या त्याही तपासण्या केल्या. त्याचा खर्च वरच्या आकड्यात धरलेला नाही.

आता सरकारी यंत्रणेबद्दल.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते असं: “ताई, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत. यात गुन्हा काय नोंदवायचा?” मग म्हणाले, दुकान जिल्ह्याच्या गावात, तिथे जा. तिथले म्हणाले, थेंब तुमच्या घरी काढले, तिकडे जा. शेवटी ‘अर्ज देऊन जा’. साधा अर्ज, त्यावर शिक्का मारून घ्यायलाही भांडावं लागलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, फसवून पैसे काढले तर उपकलम ४ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पोलिसांना थेट गुन्हा दाखल करता येतो. हद्दीचं कारण तर चालतच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे कुठल्याही ठाण्यात, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. हे मी बोलले तर साहेब म्हणाले, “कायदा आम्हाला शिकवू नका.” तुम्हाला शिकवायची हौस नाही हो, पण तुम्हाला तो येत असता तर मला कशाला वाचावा लागला असता?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. ज्या खात्यात २०,००० गेले होते ते केव्हाच रिकामं झालं होतं. मी उशिरा फोन केला असं मला ऐकवलं. तुमच्या बाबतीत यूपीआयचा भाग असेल तर त्याच क्षणी १९३० लावा, आधी नातेवाइकांना विचारत बसू नका.

अन्न व औषध प्रशासनात गेले. तिथे कळलं की आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. “कोणी बनवलं ते सांगा, लेबल दाखवा.” लेबल असतं तर मी तुमच्या दारात आले असते का? बिनलेबलची पुडी हाच गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि हे म्हणतात, लेबल नाही म्हणून काही करता येत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ‘बोगस डॉक्टरच्या समितीपुढे ठेवतो, नाव-पत्ता द्या’ म्हणून सांगितलं. नाव-पत्ता शोधायलाच तर समिती हवी! नोंदणी नसताना वैद्यकी करणं महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. संधिवात, मधुमेह, मोतीबिंदू अशा ५४ आजारांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला केंद्राच्या १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरी आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘संधिवात मुळापासून नष्ट’ची पत्रकं आजही चिकटवलेली आहेत, पोलीस चौकीच्या बरोबर समोर. सत्तर वर्षांत हा कायदा त्या भिंतीपर्यंत पोचला नाही.

तोवर दुकानाचं शटर खाली. आता तिथे मोबाइल कव्हर मिळतात. गाळ्याचा मालक म्हणतो, भाडं रोख येत होतं.

घरी येणाऱ्या वैद्याला नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रातल्या आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे असते. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ते तोंडात घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती तुम्हाला न सांगता पैसे देतील. वैद्य घरात असताना शेजाऱ्याला हाक मारून बसवून घ्या. त्यांचा फोटो काढा. मी काढला नाही.

मी आता पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालाने पाठवते आहे, कलम १७३(४)मध्ये ती सोय आहे. सोबत तो टॉवेल आणि उरलेल्या पुड्या यांचे फोटो जोडले आहेत. काकूंच्या सुनेने काल स्वतःहून येऊन काकूंचं नाव अर्जात घालायला सांगितलं. आमच्या भागात आणखी घरं आहेत, मला माहीत आहे. नवरात्रात त्या पायऱ्यांवर आम्ही एकट्याच नव्हतो. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी आकडा, तारीख आणि पैसे कुठल्या खात्यात गेले ते लिहून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. एका अर्जाला ते ‘स्वखुशीने दिले’ म्हणतात. दहा आले की त्यांना वही उघडावीच लागेल.