महिन्याला एक पुस्तक की जिन्नसांची वही?

घरात पाककृतींची पाच-सात पुस्तकं आहेत, अधूनमधून एखादी भर पडतेच, तरी रोजच्या जेवणात फिरून फिरून त्याच चार भाज्या. ही तक्रार असेल तर करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. एकच पुस्तक महिनाभर ओट्याशी ठेवून त्यातूनच रांधायचं. सगळ्या पुस्तकांची मिळून एक जिन्नसवार वही करायची. किंवा आवडलेल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. मी तिन्ही केलं आहे.

फोटोंचं आधी उरकतो. ते सुप्रभातच्या फुलांत आणि लग्नपत्रिकांत हरवतात. सापडलेच, तर कणकेच्या हातांनी स्क्रीन चालू होत नाही. परगावी मुलाकडे किंवा बहिणीकडे गेल्यावर मात्र उपयोगी पडतात, एवढं त्यांच्या बाजूनं.

खरी निवड उरलेल्या दोन्हींत आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही.

एका पुस्तकाच्या महिन्याचं मोठं सुख म्हणजे लिहिणारीचा हात कळतो. आमटीत गूळ किती, खोबरं ओलं की भाजलेलं सुकं, तिखट कुठल्या बेतानं, हे पहिल्या आठवड्यात लक्षात येतं आणि मग पुस्तकाशी झटापट थांबते. जुन्या मराठी पुस्तकांत एक ठरलेला त्रास असतो: साहित्यात सहज ‘दोन चमचे गोडा मसाला’ लिहिलेलं असतं आणि त्याची कृती पार शेवटच्या पानांत. अधूनमधून एखादाच पदार्थ करणारा इथेच पुस्तक मिटतो. महिनाभर तेच पुस्तक वापरायचं ठरवलं की मसाला एकदा करून बरणी भरली जाते, आणि भरल्या वांग्यांपासून कटाच्या आमटीपर्यंत बरीच पानं एकदम आवाक्यात येतात. मापांचंही तसंच. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली ती वाटी-चमच्याची मापं घेऊन, म्हणून नवशिक्याला ती आजही सोयीची. पण आपल्या घरातली कुठली वाटी धरायची हे आपणच ठरवावं लागतं. आमच्याकडे तीन आकारांच्या वाट्या आहेत. एकच वाटी महिनाभर धरली की अंदाज बसतो. रोज पुस्तक बदललं तर बसत नाही.

पुस्तक निवडताना मात्र रोजच्या भाज्या-आमट्यांचं घ्या. पक्वान्नांचं पुस्तक घेऊन महिना काढणाऱ्याचे हाल मी सांगायला नकोत.

आता अडचणी. मंडई पुस्तकाच्या पानांप्रमाणे चालत नाही. पावसाळ्यात तुम्ही सोलाण्यांच्या उसळीच्या पानावर येता आणि ओले हरभरे यायला थंडी पडावी लागते. शिवाय एकाच हाताची चव घरातल्यांना हळूहळू नकोशी होते; तिरफळ आणि ओल्या खोबऱ्याचं कौतुक आमच्याकडे महिनाअखेरीला बरंच ओसरलं होतं. तरी हे सगळं चालवून घेता आलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते भिजवणं. संध्याकाळी येताना अळूची ताजी जुडी मिळते, घरी येऊन पान उघडावं तर साहित्यात हरभऱ्याची डाळ आणि दाणे, दोन्ही भिजवलेले. कोबीची भाजी काढावी तर तिथेही भिजवलेली डाळ. आंबोळ्यांचं पीठ आदल्या रात्री आंबायला हवं होतं. वालाचं बिरडं तर विचारूच नका: वाल रात्रभर भिजवायचे, मग उपसून फडक्यात बांधून मोड येईपर्यंत वाट बघायची, त्यानंतर कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. कृतीत लिहिलेला वेळ म्हणजे गॅस पेटवल्यापासूनचा. खरा वेळ साहित्याच्या यादीत दडलेला असतो, आणि अनुक्रमणिका त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिच्यात भाज्या, आमट्या, कोशिंबिरी, गोड असे भाग असतात. आज सातला सुरू करून साडेआठला ताटात काय पडेल, हे ती सांगत नाही.

डाळ गरम पाण्यात तासभर ठेवून वेळ मारून नेता येते, मी नेतो. वालांना ही युक्ती चालत नाही.

रविवारी बसून आठवड्याचा बेत लिहिणाऱ्यांना हा त्रास फारसा होणार नाही, आणि अशा घरांत महिन्याचं पुस्तक उत्तम चालत असावं. आमचा बेत भाजीवाल्याच्या हातगाडीवर ठरतो. पानावर आलेल्या पदार्थाची सामग्री नाही, म्हणून पुन्हा बटाट्याच्या काचऱ्या, असं इतक्यांदा झालं की मी वहीकडे वळलो.

वहीचं काम कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगतो. एका पुस्तकाला एक-दोन संध्याकाळी जातात. दर पानाला एक भाजी किंवा जिन्नस घ्यायचा आणि त्याखाली पदार्थ, पुस्तकाचं आद्याक्षर, पान. कोबी म्हटलं की एका पुस्तकातली पचडी, दुसऱ्यातलं भानोळं, तिसऱ्यातल्या वड्या एकाखाली एक येतात. एरवी त्या तीन पुस्तकांच्या तीन वेगवेगळ्या भागांत असतात. आणि शेजारी एक बारीकशी खूण: भिजवायचं असेल तर भ, मोड आणायचे तर मो, आंबवायचं तर आं. खूण नसेल तर ताबडतोब करण्याजोगं. माझ्या मते सगळी वही या खुणांसाठीच करावी. खरोखर करू असे पदार्थच उतरवायचे. सगळी अनुक्रमणिका उतरवायला घेतली की वही दुसऱ्याच पुस्तकाशी थांबते. आवृत्ती बदलली की पानांचे आकडेही बदलू शकतात, म्हणून आईकडची प्रत आणि तुमची प्रत एक धरू नका.

वहीत उणं आहे ते असं की लिहिणारीचा हात कळत नाही. आज सारस्वत, उद्या वऱ्हाडी, परवा कोल्हापुरी असा फेरा होतो, मसाले चार प्रकारचे लागतात, आणि त्यातला एखादा शेवटी बरणीच्या तळाशी वास जाऊन बसतो. घरातले खूश असतात. तुम्ही शिकता कमी.

म्हणून नुकतंच रांधायला लागलेल्याला मी आधी महिनाभराचं पुस्तकच सुचवीन. फोडणी चुकत नसेल, मीठ अंदाजानं पडत असेल, तर मात्र वही. माझ्या घरापुरतं बोलायचं तर पुस्तकं कपाटातून उतरली ती वहीमुळे, आणि रात्री झोपण्याआधी ‘भ’च्या खुणा बघून मूठभर डाळ पाण्यात टाकायची सवयही तिच्यामुळेच लागली.

सुरुवात करायचीच तर घरात हमखास असणाऱ्या भाज्यांपासून करा: दुधी, कोबी, वांगी, मेथी. सणाचं काही वहीत घालू नका. भोगीची भाजी कधी करायची हे कॅलेंडर सांगतं, आणि अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे असतात, याची आठवण घरातलं कुणी ना कुणी करून देतंच.