अडचणीतली बँक: छोट्या व्यावसायिकाने थांबावे की निघावे?

बँकेच्या अनुत्पादित, म्हणजे वसुली थकलेल्या, कर्जांची बातमी आली की पहिला प्रश्न ठेवींचा निघतो. छोट्या व्यावसायिकाचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे असते, कारण त्याच बँकेत त्याचे चालू खाते असते, कॅश क्रेडिटची (सीसी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचे आणि भरायचे कर्ज) मर्यादा असते, दुकानातला क्यूआर कोड त्याच खात्याला जोडलेला असतो आणि पुरवठादारांना दिलेले पुढल्या तारखांचे धनादेशही त्याच खात्यावरचे असतात. म्हणून ‘पैसे बुडतील का’ यापेक्षा ‘व्यवहार किती दिवस अडकतील’ हा प्रश्न त्याने आधी विचारावा, असे माझे मत आहे.

याचे उत्तर बँकेच्या प्रकारानुसार फार बदलते. बँक ऑफ महाराष्ट्र जून 2017 ते जानेवारी 2019 या काळात रिझर्व्ह बँकेच्या त्वरित सुधारात्मक कारवाईखाली होती. बंधने कर्जवाटप व विस्तारावर आली, खातेदारांची उलाढाल मात्र सुरळीत चालू राहिली. अशा सरकारी बँकेतून केवळ बातमी वाचून बाहेर पडणे म्हणजे नव्या बँकेची प्रक्रिया फी विनाकारण भरणे होय. येस बँकेवर 5 मार्च 2020 रोजी निर्बंध येऊन पैसे काढण्यावर 50 हजारांची मर्यादा लागली आणि 18 मार्चला ती उठलीही. ठेवी शाबूत राहिल्या, तरी मार्चअखेरच्या तोंडावरचे ते तेरा दिवस पगार आणि कर भरणाऱ्यांना जड गेले असणारच.

नागरी सहकारी बँकांचा अनुभव मात्र वेगळा आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत सप्टेंबर 2019 मध्ये सुरुवातीची मर्यादा अवघी एक हजार रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने वाढली, पण बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी 2022 उजाडला आणि पाच लाखांवरच्या ठेवी असलेल्या किरकोळ ठेवीदारांचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनंतरचा ठरला. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये परवानाच गेला. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी 2025 मध्ये आरंभी एक रुपयाही काढता येत नव्हता, मग 25 हजारांची मुभा मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. सहा महिन्यांत मार्ग निघाला हे त्यातल्या त्यात बरे.

थांबण्याच्या बाजूने सर्वांत मोठा आधार ठेव विम्याचा आहे. फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा पाच लाख आहे आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण 90 दिवसांत ही रक्कम मिळण्याची तरतूद झाली. यातली मेख अशी की मालकी हक्काच्या दुकानाचे चालू खाते आणि मालकाचे स्वतःचे बचत खाते, सर्व शाखांतले मिळून, एकच धरले जाते. भागीदारी संस्था किंवा कंपनी वेगळी मोजली जाते. सहकारी बँकेने कर्ज देताना घ्यायला लावलेले शेअर्स ठेव नसल्यामुळे विम्यात बसतच नाहीत.

ज्याचे कर्ज ठेवींपेक्षा जास्त आहे त्याला वाटते की आपण बँकेचे देणे लागतो, तेव्हा आपल्याला कसली भीती? ठेवीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण निर्बंधांच्या काळातही ठेव कर्जात वळती करून घेण्याची सोय सहसा असते. परंतु निर्बंधाखालील बँकेला परवानगीशिवाय नवे कर्ज देता येत नाही, जुन्याचे नूतनीकरण करता येत नाही. समजा, 20 लाखांच्या सीसीपैकी 18 लाख उचललेले आहेत आणि त्या आठवड्यात विक्रीचे सहा लाख खात्यात जमा झाले: देणे 12 लाखांवर आले, व्याजही कमी झाले, पण ते सहा लाख माल भरायला पुन्हा उचलता येत नाहीत. विमा ठेवीला आहे, खेळत्या भांडवलाला नाही.

म्हणून सहकारी बँकेने सलग दोन वर्षे तोटा दाखवला असेल, किंवा तिची निव्वळ (तरतूद वजा जाता उरलेली) अनुत्पादित कर्जे 6 टक्क्यांच्या वर गेली असतील, तर मी अर्धवट निघण्याचा मार्ग सुचवेन. दुसऱ्या बँकेत चालू खाते आधी उघडावे, ते जीएसटी पोर्टलवर नोंदवावे, क्यूआर तिकडे वळवावा आणि पाच लाखांवरची शिल्लक हलवावी. मात्र सीसी असताना विक्रीचा भरणा बाहेर वळवण्यास मंजुरीपत्राची अट आड येते का, ते आधी वाचावे. कर्जाच्या टेकओव्हरला, म्हणजे ते नव्या बँकेकडे नेण्याला, घाई करून चालत नाही, कारण मालमत्तेचे मूल्यांकन, गहाणखताचे मुद्रांक शुल्क, जुन्या बँकेचा ना हरकत दाखला यांत आठवडे जातात. पण अर्ज ताळेबंद चांगला असतानाच करावा, निर्बंध लागल्यावर नवी बँकही हात आखडते. जुने चालू खाते मात्र दिलेले सर्व धनादेश वटेपर्यंत किंवा परत मिळेपर्यंत बंद करू नये, कारण ‘खाते बंद’ या शेऱ्याने परत आलेल्या धनादेशालाही कलम 138 (धनादेश न वटण्याचा गुन्हा) लागू होते.