विकेंद्रित बाजारपेठेचं नाव: अर्थाचं की घडवलेलं?

मध्यवर्ती सर्व्हर नसलेली ऑनलाइन बाजारपेठ उभी करताय आणि नावापाशी घोडं अडलंय? मित्सुबिशीची ‘पजेरो’ स्पेनमध्ये ‘मोंटेरो’ म्हणून विकली गेली, कारण मूळ नाव तिथे शिवीसारखं लागतं. कंपनी होती म्हणून देशागणिक पाटी बदलता आली. इथे सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या संगणकावर. एकच नाव सगळीकडे चालायला हवं.

अर्थाचं नाव लगेच कळतं, ओळख करून देण्याचा खर्च वाचतो. २०१४ मध्ये ‘डार्कमार्केट’ या अशाच विकेंद्रित बाजारपेठेच्या नमुन्यातून पुढे आलेलं ‘ओपनबझार’च बघा. बाजार हा शब्द फारसीतून कितीतरी भाषांत रुजलेला. आधीच्या नावातल्या काळोखाने तर प्रामाणिक विक्रेत्यावरही संशय आला असता. ते बदललं हे उत्तमच. पण वर्णनपर नाव ट्रेडमार्कला कच्चं, आणि त्याच्या जवळपासची नावं कुणीही घेतं.

घडवलेलं, म्हणजे मुळात काही अर्थ नसलेलं नाव रुजवायला वेळ आणि पैसा खातं. कायद्यात मात्र पक्कं. कॅमेरे बनवणाऱ्या जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये नोंदवलेलं ‘कोडॅक’ छोटं होतं, कुठल्याही तोंडी सहसा न बिघडणारं. तरी प्रत्येक भाषेच्या माणसाकडून ते मोठ्याने म्हणवून घ्याच.

निधी तुटपुंजा आणि ग्राहक दोन-चार भाषांतले असतील, तर अर्थाचं नाव घ्या. अनेक लिप्यांत पसरायचं असेल आणि थांबायची तयारी असेल, तर घडवलेलं.