'गालिका' आणि आपोलोनी साबातिए: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'गालिका' ही फुकट डिजिटल साइट मी गेले काही महिने एकाच बाईच्या मागे लागून वापरतेय. आपोलोनी साबातिए, जन्म १८२२, आई शिवणकाम करणारी. पॅरिसमध्ये आल्फ्रेद मोसेलमान या बेल्जियन उद्योगपतीने तिला ठेवलं होतं, आणि र्‍यू फ्रोशोवरच्या तिच्या घरी रविवारी पंगत बसायची. गोतिए, फ्लोबेर, बोदलेर असे नामांकित लेखक-कवी, सगळे हजर. मंडळी तिला 'ला प्रेझिदांत', म्हणजे अध्यक्षीणबाई, म्हणायची.

आडनाव टाकून शोधायला जाल तर फसाल. पाद्री, प्राध्यापक, नोबेलवाले रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए, असा सगळा गोतावळा अंगावर येतो. त्यात तिचं जन्माचं आडनाव साव्हातिए. तेव्हा नावाचा नाद सोडा; साल धरा, पाहुणे धरा.

पैसे वसूल (म्हणजे वेळ वसूल) झाला तो बोदलेरच्या 'ले फ्लर द्यु माल' या कवितासंग्रहाच्या पान ८४ वर. १८ ऑगस्ट १८५७ ला बोदलेरने तिला पत्र लिहिलं. या संग्रहावरचा अश्लीलतेचा खटला दोन दिवसांवर आलेला, आणि न्यायाधीशांकडे हिचा काही वशिला लागतो का हे त्याला बघायचं होतं. त्यात तो सांगतो की पान ८४ ते १०५ मधल्या सगळ्या कविता तुझ्या. गालिकावर संग्रहाची पहिली आवृत्ती जशीच्या तशी आहे. मी ८४ उघडलं आणि एकेक पान पुढे गेले. तिचं नाव कुठेच नाही. एका कवितेत तर फार आनंदी असल्याबद्दल तिला शिक्षा करायची, तिच्या अंगावर जखम करायची स्वप्नं आहेत. ही कविता डिसेंबर १८५२ मध्ये तिच्या घरी टपालाने आली होती, निनावी, अक्षर बदलून. आज असं कुणी केलं तर आपण स्क्रीनशॉट काढून ठेवू. कोर्टाने बंदी घातलेल्या सहा कवितांत हीसुद्धा होती. बंदी उठली १९४९ मध्ये. आणि ऑगस्ट संपता संपता ती त्याच्या जवळ गेली, तर साहेब लिहितात: काही दिवसांपूर्वी तू देवी होतीस, आता बाई झालीस. धन्य!

सोबतीला पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाची साइट उघडी ठेवा. शिल्पकार क्लेसँजेचा 'साप चावलेली बाई' हा १८४७ चा संगमरवरी पुतळा तिथे आहे. तिच्या अंगाचा साचा घेऊन केलेला. साप नंतरचा बहाणा. फोटो मोठा करून मांड्यांवरच्या वळ्या बघा, त्या काळी बोंबाबोंब कशावरून झाली ते कळेल.

१८६० च्या सुमारास मोसेलमानने तिला सोडलं. तिने घरातल्या वस्तू विकल्या, लघुचित्रं रंगवली आणि ती १८६१ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, लावली. मला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि नेमकं इथेच हाताला फार थोडं लागतं. पुढे रिचर्ड वॉलेस या श्रीमंत इंग्रज कलासंग्राहकाने तिला वर्षासन बांधून दिलं. ती गेली १८९० मध्ये.

व्यवहाराचं थोडं. मोबाइलवर वाचू नका, डोळे जातील. पीडीएफ उतरवून लॅपटॉपवर वाचा. फिकट छपाईच्या वर्तमानपत्रांत यंत्राने ओळखलेल्या मजकुरावर विसंबू नका, मूळ पान बघा. मी भाषांतराचं एक ॲप लावून पाहिलं, त्याने दोन कडवी सरळ गिळली. कामचलाऊ फ्रेंच येत असेल आणि हाताशी जाडजूड शब्दकोश असेल तर जरूर घुसा. नसेल तर आधी ओर्सेवाला भाग करा, त्याला भाषा लागत नाही.