वसई-विरारच्या पावसाळ्यासाठी इन्व्हर्टर: १५० एएच ट्युब्युलर बॅटरी कितपत पुरते?

दाटीवाटीच्या इमारतीत जनरेटर नकोच. बाल्कनीत चालवला तरी कार्बन मोनॉक्साइड शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत शिरतो. वन बीएचकेला ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे इन्व्हर्टरची क्षमता) साइन वेव्ह (घरच्या विजेसारखा सलग प्रवाह देणारा) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी ही जोडी आम्हाला सर्वांत पटते. कागदावर १२ व्होल्ट × १५० एएच म्हणजे १८०० वॉट-तास, हाती येतात साधारण ११००. साधे दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून २०० वॉट, म्हणजे जेमतेम साडेपाच तास. पंखे बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे, कमी वीज खाणारे) घेतले की तीच बॅटरी नऊ-दहा तास खेचते. वादळी रात्री हा फरक फार मोठा. त्यामुळे मोठ्या बॅटरीआधी पंखे बदला.

घोळ होतो तो वायरिंगमध्ये. इन्व्हर्टरचा न्यूट्रल (परतीची तार) दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला भिडला की आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) वारंवार पडतो. न्यूट्रल वेगळा ओढून घ्या. तळमजल्यावर बॅटरी चाकांच्या ट्रॉलीवर ठेवू नका. पाणी चढतं त्या खुणेच्या वर पक्का कट्टा बांधा, हवा खेळती ठेवा.

दिवसातून तीन-चारदा लाइट जात असेल तर ट्युब्युलर पूर्ण भरतच नाही, कारण तिला दहा-बारा तास लागतात, आणि प्लेटांवर सल्फेट धरतं. तिथे महाग पडली तरी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीच घ्या, मात्र इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं चार्जिंग सेटिंग आहे ना, ते आधी बघा.