जिल्हा परिषदेची शाळा की घरची शाळा?

मूल सहा वर्षांचं झालं की त्याला शाळेत घालायचं की शाळेत न घालता घरीच शिकवायचं, हा विषय घरोघरी निघतो आणि बोलणं अभ्यासक्रमावरच अडकतं. पण अभ्यासक्रम दोन्हीकडे एकच ठेवता येतो. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट उतरवून घेता येतात. खरा फरक पडतो तो घरातल्या माणसांच्या वेळेचा आणि कागदपत्रांचा.

पहिली-दुसरीच्या मुलाला घरी बसून शिकवायला दीड-दोन तास पुरतात. उरलेला दिवस मात्र कुणीतरी त्याच्या सोबत हवं: बाजारात सुट्टे पैसे मोजू द्यायला, बेडूक दिसला तर थांबायला, गणित अडलं तरी लगेच उत्तर न सांगता बसून राहायला. हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक घरांत आईच असते. तिची नोकरी सुटणार असेल तर तो हिशोब मांडल्याशिवाय घरची शाळा स्वस्त आहे असं म्हणू नका. दोघंही कामावर जाणार असाल आणि आजी-आजोबा गावी असतील, तर माझं स्पष्ट मत शाळेच्या बाजूने.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारी पोषण आहार. दुखणं आहे ते पटसंख्येचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक. म्हणजे दोघांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, आणि निवडणूक आली की त्यांनाच तिकडे जायचं. पण याच व्यवस्थेत सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ या जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. म्हणून पाटी बघून ठरवू नका. परिपाठाच्या वेळी जाऊन बसा, तिसरीतल्या एखाद्या मुलाला फळ्यावरचं वाक्य वाचायला सांगा, बाई मुलांना नावाने हाक मारतात का ते ऐका. दुसऱ्या वस्तीतलं, दुसरी बोली बोलणारं मूल शेजारी बसून एकाच पंगतीत खिचडी खातं, हे घरी कितीही आखलं तरी घडत नाही.

उलट, उशिरा वाचायला लागणाऱ्या किंवा शाळेच्या नावाने पोटात दुखणाऱ्या मुलाला घर सावरतं. तिथे त्याला ‘ढ’ म्हणणारं कुणी नसतं. अशा मुलासाठी मी दोन वर्षं घरी शिकवायला कचरणार नाही.

आता कागद. 2009 च्या याच शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं, पण त्यात पालकांना दंड नाही आणि घरच्या शाळेचा उल्लेखही नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमचं मूल मोजलं जाऊ शकतं. शाळेचा दाखला नसेल तर पुढे जातीच्या दाखल्यापासून अनेक ठिकाणी अडचण येते. सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेलाही शाळा लागते. दहावीला मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस, म्हणजे रोज शाळेत न जाता परीक्षा देता येणारं मंडळ) वाट आहे; वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत.

आणि घरचं जमलं नाही तर परतता येतं. कायद्यातल्या कलम 4 प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणही. त्यासाठी जन्माचा दाखला आणि घरी केलेल्या अभ्यासाच्या तारीखवार वह्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.